रोजच्या वाटेवरचे फोटो: एक कॅमेरा, एक ३५ची लेन्स, वडगाव ते उद्यमबाग

वडगावकर

नमस्कार मंडळी,

मी बेळगावच्या वडगावात राहतो, उद्यमबागेत एका मशिन शॉपमध्ये कामाला आहे. घरातून निघायचं, अनगोळमधून चौथ्या रेल्वे गेटवर यायचं, गेट उघडलं की पलीकडे कारखाना. एवढीच वाट. गेली तीन वर्षं माझे बहुतेक फोटो या वाटेवरचेच आहेत. त्याबद्दल एकदा सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

आधी मी सुट्टी मिळाली की गाडी काढायचो. गोकाक, आंबोली, चोर्ला घाट. घटप्रभा ५२ मीटरवरून कोसळत असते तेव्हा कॅमेरा कुणाच्याही हातात दिला तरी फोटो बरा येतो. घरी येऊन मोठ्या पडद्यावर बघायचो तर तो आधीच कुठेतरी बघितलेला वाटायचा. त्यात माझं काही नव्हतं. उलट आमच्या गल्लीत कुठल्या उंबऱ्यावर किती वाजता ऊन उतरतं, कुठली आजी कधी तांदूळ निवडायला बसते, हे मला पाठ आहे. ते सोडून मी साठ किलोमीटर जात होतो.

कॅमेरा निकॉन डी ५३००, सेकंड हँड. वर ३५ मिमी एफ/१.८ (एफचा आकडा लहान तेवढं लेन्सचं तोंड मोठं, उजेड जास्त). या बॉडीचा सेन्सर फुल-फ्रेमपेक्षा लहान, त्यामुळे लेन्सचा आकडा दीडपट धरायचा. म्हणजे ही लेन्स साधारण ५२ मिमीसारखं दाखवते. झूम कपाटात ठेवली. पहिला महिना अडल्यासारखं झालं, सारखं पुढे-मागे व्हावं लागायचं. मग डोळ्यालाच चौकटीची सवय झाली. आता मला कॅमेरा न उचलता कळतं की चार-साडेचार मीटरवर उभा माणूस आडव्या चौकटीत डोक्यापासून पायापर्यंत बसतो, आणि दीड मीटरवर आलं की चेहरा आणि हात. आमच्या गल्ल्यांची रुंदीही तेवढीच आहे, त्यामुळे एका भिंतीला पाठ लावली की समोरचं दार बरोबर मिळतं.

आता उजेडाचं. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आपल्याकडे भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो, पुन्हा ऑगस्टच्या ८-१० तारखेच्या सुमारास. ऑगस्टमध्ये ढगांमुळे ते जाणवत नाही, मेमध्ये मात्र दुपारी चेहऱ्याचा फोटो काढूच नये. कपाळ चकाकतं आणि डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे येतात. काढायचाच असेल तर माणसाला ओट्यावरच्या पत्र्याखाली घ्या. समोरच्या रस्त्यावरून उसळलेला उजेड खालून चेहऱ्यावर येतो.

माझा हंगाम पावसाळा. जूनच्या मध्यापासून आपल्याकडे जो राखाडी, भुरभुरता उजेड सुरू होतो त्याला लोक 'उजेडच नाही' म्हणतात. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरच्या भाषेत बोलायचं तर कडक उन्हात आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते) १०० आणि शटर १/१०० सेकंद ठेवलं की एफ/१६ लागतं, आणि दाट ढगात एफ/५.६. म्हणजे तीन स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). आजच्या कॅमेऱ्याला तीन स्टॉप काहीच नाहीत, आयएसओ ८०० केलं की झालं. त्या बदल्यात मिळतं काय बघा: सावली नाही, त्यामुळे सुरकुत्यांतली माया दिसते. ओली कौलं खरी लाल दिसतात. शेतावरून परतणाऱ्या बायकांच्या डोक्यावर प्लॅस्टिकच्या खोळी, त्यांच्या निळ्या-पिवळ्या रंगांचं ओल्या रस्त्यावर प्रतिबिंब. येळ्ळूर रस्त्याला लावणीच्या दिवसांत अर्धा तास उभं राहिलं तरी आठवडाभराचं काम होतं.

आता ज्याच्यासाठी हा चर्चेचा धागा काढला ते सांगतो.

आमच्या मागच्या गल्लीत एक मामा आहेत, घरातच चार यंत्रमाग. खोली लांबट, डाव्या हाताला एकच खिडकी, वर एक एलईडी ट्यूब. सगळीकडे सुताची तूस, खिडकीच्या गजांवरसुद्धा तिचा पांढरा थर. पहिल्यांदा विचारून आत गेलो तर त्यांनी माग बंद केला, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि मागाशेजारी ताठ उभे राहिले. तसाच काढला. ओळखपत्रावरचा वाटावा असा फोटो. तरी मी त्याची ४ बाय ६ ची प्रिंट काढली आणि आठ दिवसांनी नेऊन दिली.

मामांनी आधी हात लुंगीला पुसले. प्रिंट दोन्ही कडांनी धरली, खिडकीशी नेली, बराच वेळ बघितली. मग आतून मामींना हाक मारली. त्यांचं बघून झाल्यावर फोटो कोनाड्यात ठेवला आणि माग सुरू केला. मी तिथेच उभा होतो, पण आता ते माझ्याकडे बघत नव्हते. थोड्या वेळाने तिसऱ्या मागावर धागा तुटला. मामा वाकले, तुटलेलं टोक शोधलं, जिभेला लावून ओलं केलं आणि अंगठा-तर्जनीत पीळ देऊन सांधलं. खिडकीचा उजेड बरोबर त्या दोन बोटांवर. शेजारच्या मागाचा धोटा नुसता पांढरा पट्टा. शटर १/५०, एफ/२.८, आयएसओ १६००. तीन वर्षांत माझा सगळ्यात जवळचा फोटो तो.

तेव्हापासून मी एक ठरवलं आहे. पहिला फोटो त्या माणसाचा, त्याला हवा तसा. तो छापून त्याला द्यायचा. माझा फोटो दुसऱ्या खेपेला मिळतो.

१/५० का, हे कुणीतरी विचारणारच. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अनेक ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. १/५० किंवा १/१०० ठेवलं की पूर्ण फेरी मिळते. १/५०० केलं तर एखादा फोटो काळपट, दुसरा पिवळट, कधी चौकटीत आडवे पट्टे येतात. मागाच्या खोलीत पहिल्या दिवशी माझे अर्धे फोटो असेच वाया गेले होते.

तुम्ही रोजच्या वाटेवर काय टिपता? लिहा.

तिसरं गेट

वाचून संध्याकाळी मुद्दाम शहापूरवरून घरी आलो. माझ्याकडे मोबाईलच आहे. त्यावर यातलं काय जमेल?

वडगावकर

जवळपास सगळं. आधी लेन्स स्वच्छ सुती कापडाने पुसा, खिशातल्या तेलकट काचेमुळे दिव्यांभोवती धुकं येतं. चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड दोन्ही कुलूपबंद होतात. मग शेजारची पट्टी खाली ओढून थोडं काळोखं करा. मोबाईल दाराबाहेरच्या उन्हावर उजेड धरतो किंवा सगळंच उजळ करून टाकतो, घरातली अंधारी खोली अंधारी राहू देत नाही. आणि डिजिटल झूम नको, दोन पावलं पुढे व्हा.

प्रिंट काढणार असाल तर एक लक्षात ठेवा. मोबाईलची चौकट ४:३ असते आणि ४ बाय ६ चा कागद ३:२. स्टुडिओवाला कडेला कापतो, उभ्या-आडव्या दोन्हीत जवळजवळ नववा भाग जातो. गावाकडच्या एका लग्नात मी मोबाईलवर काढलेल्या फोटोत नवरदेवाचा फेटा अर्धा गेला होता. डोक्यावर मोकळी जागा सोडत जा. फोटो स्टुडिओला व्हॉट्सॲपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे त्याचा दर्जा कमी होत नाही.

निपाणीकर

आमच्याकडे दारोदारी विड्या वळणाऱ्या बायका दिसतात. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू, आणि बोटं इतकी चपळ की १/२५० लाही हललेली येतात. मी दोन वर्षं तो फोटो घ्यायचा प्रयत्न करतोय. कॅमेरा दिसला की पदर तोंडावर. एकदा एका मावशींनी सरळ सांगितलं, "आमचं हातावरचं पोट हाय, त्येचा फोटो कशाला?" मी परत आलो. अजून त्या गल्लीत कॅमेरा नेलेला नाही.

पुण्यातला बेळगावी

लेख आवडला, पण मला एक गोष्ट पटत नाही. विचारलं की क्षण मेला. माणूस सावध होतो, हसतो, केस नीट करतो. फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँने बहुतेक काम ५० मिमीवर केलं, कॅमेऱ्याचा चकचकीत भागही काळ्या पट्टीने झाकला, कशासाठी? कुणाला कळू नये म्हणून. रस्त्यावरचं छायाचित्रण म्हणजे न विचारता काढलेला फोटोच. मी लक्ष्मी रोडवर काढतो, तिथे प्रत्येकाला विचारत बसलो तर दिवसाला एक फोटो मिळेल.

वडगावकर

दादा, लक्ष्मी रोडवर तुम्हाला कुणी ओळखत नाही. मी ज्याचा फोटो काढतो त्याच्याच दुकानात दुसऱ्या दिवशी साखर आणायला जातो. हा फरक मोठा आहे. बाजारात, मिरवणुकीत मीही न विचारता काढतो, तिथे सगळेच दिसायला आलेले असतात. पण कुणाच्या घरात, ओट्यावर, कामाच्या जागी कॅमेरा घेऊन शिरणं वेगळं.

आणि क्षण मरतो म्हणता, तो पहिल्या खेपेला मरतो. म्हणून तर दुसरी खेप. पाचव्या खेपेला तर माणसं 'आलास काय, चहा घे' म्हणून आपल्या कामाला लागतात. मग तुम्ही कॅमेरा झाकला काय, न झाकला काय.

निपाणीकर, तुम्ही परत आलात ते बरोबर केलंत. माझ्याही वाटेवर दोन घरं आहेत जिथून कन्नडमध्ये 'ब्याड री' (नको हो) आलं, तिथे मी मान डोलावून पुढे जातो आणि पुढच्या वेळी नमस्कार करतो. मावशींचा चेहरा न घेता नुसते हात आणि सूप चालेल का, हे त्यांच्याच शेजारच्या एखाद्या ओळखीच्या बाईकडून विचारून बघा. नाही म्हणाल्या तर नाही.

टिळकवाडी_टी

माझ्या माहेरी आई मांडे करते. आधी मला वाटायचं, घरातलं काय काढायचं. तुमचा धागा वाचला आणि परवा गेले तेव्हा कॅमेरा घेऊन गेले.

उपडं खापर चुलीवर तापलेलं, आई पुरण भरलेली लाटी दोन्ही हातांवर फिरवत फिरवत मोठी करते. कोपरापर्यंत. तेवढ्यात मागच्या खिडकीतून उजेड त्यातून आरपार आला आणि आईच्या बोटांची सावली मांड्याच्या आतून दिसली. मी पुढून फ्लॅश मारत होते इतके दिवस, त्यात मांडा नुसता पांढरा कागद दिसायचा. यावेळी फ्लॅश बंद, खिडकी तिच्या मागे ठेवली, आणि मीटर मांड्यावर धरलं. आईचा चेहरा थोडा काळोखात गेला पण चालेल. की चेहराही उजळता आला असता?

वडगावकर

ताई, हा फोटो इथे टाका प्लीज. चेहऱ्यासाठी एक सोपा उपाय: तुमच्या बाजूला खुर्चीवर पांढरी चादर किंवा मोठं स्टीलचं ताट टेकवून ठेवा. खिडकीचा उजेड त्यावरून उलटून आईंच्या चेहऱ्यावर येईल. ताटाचा उजेड जरा कडक, चादरीचा मऊ. पण मी असतो तर चेहरा काळोखातच ठेवला असता. बघण्यासारखी ती बोटंच आहेत.

किल्ल्यातला

मला एक्सपोजरचं विचारायचं आहे. किल्ल्यातल्या कमल बस्तीत (जुनं जैन मंदिर) काढलेले फोटो नेहमी फिके येतात. दगड काळाभोर आहे, फोटोत राखाडी दिसतो. आणि घरची तुळस उलट, चुन्याने रंगवलेली, ती मळकट येते.

वडगावकर

दोन्हीचं कारण एकच. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी आहे असं गृहीत धरतं. काळं दाखवलं की ते उजळवतं, पांढरं दाखवलं की काळवंडतं. बस्तीत अधिक-उणे बटणावर उणे एक ते दीड स्टॉप द्या, तुळशीला अधिक एक. छतातल्या कमळासाठी मी जमिनीवर उताणा झोपतो, कॅमेरा छातीवर, १/१५ ला श्वास रोखून. १२०४ सालचं काम आहे ते, पाकळ्यांच्या कडा अजून धारदार आहेत; बाजूने येणारा सकाळचा उजेडच त्या दाखवतो. देवळात झोपण्याआधी तिथल्या माणसाला विचारा. किल्ल्यात आणि कॅम्पात लष्कराच्या पाट्या असतील तिथे कॅमेरा पिशवीतच.

भट्टीजवळ

मी तुमच्या शेजारच्याच फाउंड्रीत आहे. लोखंड ओततानाचा फोटो कसा घ्यायचा? मोबाईलवर रस म्हणजे पांढरा डाग येतो.

वडगावकर

ओतताना रस १४०० अंशांच्या आसपास असतो, बाकी शेड अंधारं. कॅमेरा शेडला धरून उजेड ठरवतो म्हणून रस जळतो. मॅन्युअलवर जा, रसाच्या कडेचा नारिंगी रंग दिसेपर्यंत काळोखं करत या, बाकी काळं जाऊ द्या. १/५०० ला ठिणग्या ठिपक्यांसारख्या येतात, १/३० ला रेषा होतात. मला रेषा आवडतात, पण मग ओतणारा माणूस स्थिर हवा, त्यामुळे साच्यात धार पडायला लागल्यावरच्या एक-दोन सेकंदांतच काढा. मालकांची परवानगी, सुती कपडे, चष्मा, पायात बूट. आणि ओतणाऱ्याच्या वाटेत कधीही नाही. फोटोसाठी कुणी एक पाऊल चुकीचं टाकलं तर काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

शनिवार खूट

शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीबद्दल कुणी लिहिलंच नाही! मी दरवर्षी नरगुंदकर भावे चौकातून सुरुवात करतो. रात्रभर चालते, म्हणून दोन बॅटऱ्या. एफ/१.८, आयएसओ ३२००, शटर १/१००, आणि उजेड मावळ्याच्या वेषातल्या पोरांच्या चेहऱ्यावर मोजायचा, मागच्या हॅलोजनवर नाही. खरं सांगायचं तर रथ सुटल्यावर जे फोटो मिळतात त्यापेक्षा आधीचे चांगले. रथ उभे असतात, आई पोराला मिशी काढत असते, कुणीतरी ढाल घेऊन ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून झोपलेलं असतं. लेझीमसाठी मात्र १/३० आणि सोबत थोडा फ्लॅश, तो पडदा बंद होताना उडेल असा लावायचा. म्हणजे हाताच्या मागे रेघ येते आणि चेहरा स्पष्ट.

वडगावकर

मिशीचा फोटो मला हवा आहे. यंदा मीही लवकर येतो.

येळ्ळूरचा पाऊस

पावसाळा तुमचा हंगाम म्हणता, पण माझ्या लेन्सला बुरशी लागली आहे. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसतं.

वडगावकर

माझ्याही लागली होती, दुसऱ्याच वर्षी. कॅमेरा चामड्याच्या पिशवीत घालून कपाटात ठेवायचो, जून ते सप्टेंबर. चामडं ओल धरतं हे माहीत नव्हतं. दुरुस्तीला एका दुकानात दिली, त्यांनी दीड महिना ठेवून घेतली आणि परत आली तेव्हा बुरशी होती तशीच, वर काचेवर चरा. फार वाईट वाटलं, कारण ती लेन्स मी ओव्हरटाइमच्या पैशातून घेतली होती. आताची ३५ ही दुसरी.

आता घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, तळाला सिलिका जेलच्या पुड्या, आत आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ. काटा ४० ते ५० च्या मध्ये ठेवतो. ६०-६५ च्या वर गेलं की बुरशीला वाव. निळे खडे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये वाळवून परत. भिजून घरी आलो की कॅमेरा लगेच डब्यात नाही, आधी पुसून पंख्याखाली तासभर. आणि रोज वापरा. रोज उजेडात येणारी लेन्स सहसा वाचते. तुमची बुरशी ताजी असेल तर लवकर चांगल्या कारागिराला दाखवा. काचेवरचा थर एकदा कोरला गेला की निघत नाही.

खानापूरची माती

मी इथे फक्त वाचत होते, पण सांगायलाच हवं असं झालं म्हणून लिहिते.

आमच्याकडे कुंभारकाम पुष्कळ. वाटेवरच्या एका काकांचा फोटो मी गेल्या महिन्यात मोबाईलवर काढला होता, चाकाशेजारी हात बांधून बसलेले. या धाग्यानंतर तो छापला. डोक्यावर जागा नव्हती, त्यामुळे टोपीचा शेंडा कापला गेला, तरी तसाच दिला. काकांनी हात चिखलाचे म्हणून घेतला नाही, सुनेला म्हणाले, "धर गं, मला दाखव." तिने त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. ते बघत होते आणि हात चाकावर तसेच फिरत होते, माठाचा गळा आपोआप वर येत होता. मी तोच काढला. फोटोत सून, तिच्या हातात प्रिंट, प्रिंटमध्ये काका, आणि खाली खरे काका. चाक फिरलेलं नीट आलं नाही, गोठल्यासारखं दिसतं.

वडगावकर

ताई, हे वाचून मी दोनदा उठून फेऱ्या मारल्या. चाकाचं सोपं आहे. मोबाईलच्या प्रो मोडमध्ये शटर १/१५ किंवा १/८ ठेवा, आयएसओ सगळ्यात कमी. हात हलतो म्हणून मोबाईल कशावर तरी टेकवा, वाळत घातलेल्या माठावर नको, विटेवर. काकांचे हात चाकाबरोबर थोडे हलतील, पण कोपरं मांडीवर टेकलेली असतात, ती स्थिर येतील.

आणि हा दुसरा फोटोही छापून न्या.

खानापूरची माती

उद्या बाजाराला जाणार आहे, स्टुडिओ तिथेच आहे. यावेळी डोक्यावर जागा सोडली आहे.